स्थिर चित्र आणि हलतं चित्र

चोवीस वर्षं मी उंदरांचे मेंदू कापते आहे. लग्नकार्यात कुणाला हे सांगितलं की समोरचा माणूस ताट घेऊन हळूच दुसरीकडे सरकतो, म्हणून मी "संशोधन संस्थेत आहे" एवढ्यावरच थांबते. पण काम हेच. बदामाएवढा मेंदू गोठवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर बसवायचा आणि त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. एका मेंदूचे दोनशे दहा. मग प्रत्येक काप पाण्यात तरंगता ठेवून ब्रशच्या टोकाने काचपट्टीवर घ्यायचा, सुरकुती पडू न देता. आमच्या संस्थेत हे काम माझ्याइतकं कुणाला येत नाही, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगणार नाही. येत नाही म्हणजे येत नाही.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात भर मीटिंगमध्ये माझे काप खराब आहेत असं एका माणसाने पडद्यावर दाखवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा माणूस आमच्याकडे नव्याने आलेला संगणकतज्ज्ञ. पीएचडी झालेला, हसतमुख, आणि तेव्हा मला त्याचं हसणंही सोसत नव्हतं. माझ्या दोनशे दहा कापांचे सूक्ष्मदर्शकातून काढलेले फोटो त्याने एकावर एक रचून आख्खा मेंदू पडद्यावर उभा केला होता. असे फोटो एकमेकांवर नेमके बसवण्याला रजिस्ट्रेशन म्हणतात आणि त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर असतं. त्याने उभा केलेला मेंदू सरळ नव्हताच. जागोजागी पिळवटलेला, कडेला लाटा आलेला, जिना उतरताना कुणीतरी पाडल्यासारखा.

"सेक्शन्स में डिस्टॉर्शन बहुत है, मॅम," तो म्हणाला. "और हर सेक्शन में एक छेद भी है. शायद काटते टाइम फट रहा है. मैंने सॉफ्टवेअर से सारे छेद भरवा दिए."

छेद भरवा दिए! तो छेद मी मुद्दाम केलेला असतो. उंदराच्या मेंदूची डावी बाजू आणि उजवी बाजू दिसायला अगदी सारखी. काप एकदा सुटा होऊन पाण्यात तरंगू लागला, उलटापालटा झाला, की कुठली बाजू कुठली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि या प्रयोगात तर औषध एकाच बाजूला दिलेलं. म्हणून कापायच्या आधी मी मेंदूच्या डाव्या भागातून एक बारीक सुई पुढून मागपर्यंत आरपार घालते. मग प्रत्येक कापात एक टिंबाएवढं भोक राहतं आणि बाजू कळते. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं, बऱ्यापैकी मोठ्या आवाजात. तो "अच्छा!" म्हणाला, वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि पुन्हा हसला.

पण आमचे सर हसले नाहीत. ते माझ्याशी कधीच वाईट बोलत नाहीत, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागतं. ते म्हणाले की हे काप असेच निघत असतील तर पुढच्या महिन्यापासून कापायचं काम बाहेरच्या एजन्सीला देऊ, त्यांच्याकडे स्वयंचलित यंत्र आहे. "आप स्टोअर्स देख लीजिए, मॅडम. आपको भी थोडा आराम." महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये ठरवू म्हणाले.

स्टोअर्स म्हणजे हातमोज्यांचे खोके आणि रसायनांच्या बाटल्या मोजत बसायचं. माझी खुर्ची त्या यंत्रापुढची आहे. तिथे बसून माझे केस पांढरे झाले.

मीटिंगमधून बाहेर पडताना मी माझ्या सहकारी बाईला म्हटलं, "आज माझं पानिपत झालं." ही माझ्याच टेबलावर काम करते, कंत्राटी आहे, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, उजवा गुडघा दुखत असल्यामुळे जरा डुलत चालते. माहेर नेमकं पानिपतचं. दर वेळी हे ऐकलं की ती वैतागते. "मॅडम, आप लोगों ने हमारे शहर का क्या बना रखा है? हर जनवरी में आप लोग बसें भरके काला अंब आते हो, हाथ जोडते हो, और लौटते टाइम हमारे यहाँ से चादरें ले जाते हो. हारने वाले इतनी शॉपिंग करते हैं क्या?" एरवी मी हसले असते.

त्या संध्याकाळी सरोजिनी नगरला मेट्रोतून उतरून आमच्या सरकारी क्वार्टरपर्यंत चालत येताना मी मनाशी ठरवलं. नाचता येईना अंगण वाकडं, अशातली गत आहे या माणसाची. सॉफ्टवेअर नीट वापरता येत नाही आणि दोष माझ्या हाताला. मी स्वतः शिकणार, स्वतः फोटो जुळवणार आणि महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये सरळ उभा मेंदू दाखवणार.

सॉफ्टवेअर फुकट होतं. फुकट वस्तूचा त्रास कसा असतो हे मला माहीत असायला हवं होतं. उतरवून घेतलं तर ते उघडेना. का उघडेना तर आधी दुसरं काहीतरी उतरवायला हवं. ते उतरवलं तर म्हणे आवृत्ती जुनी. नवी घेतली तर म्हणे फार नवी. दोन संध्याकाळी यातच गेल्या. इंटरनेटवर माझ्यासारख्याच एका त्रासलेल्या माणसाने हाच प्रश्न विचारला होता आणि खाली कुणीतरी उत्तर दिलं होतं की माझ्याकडे तर व्यवस्थित चालतं. बरं झालं, बाबा. तुझ्याकडे चालतं, आम्ही पेढे वाटतो.

तिसऱ्या दिवशी उघडलं. मी फोटोंचा फोल्डर दाखवला तर सॉफ्टवेअरने पाच प्रश्नचिन्हं छापली आणि फोल्डर सापडत नाही म्हणून सांगितलं. समोर होता फोल्डर! मी तो आठ वेळा दाखवला. शेवटी मुलीला हाक मारली. ती कॉलेजात शिकते, जन्म इथलाच, मराठी बोलते पण मध्ये मध्ये दिल्ली डोकावते. तिने एक नजर टाकली.

"आई, तू फोल्डरचं नाव मराठीत लिहिलंयस. 'मेंदू'. याला देवनागरी नाही वाचता येत."

"मग शिकावं त्याने. मी नाही त्याच्यासाठी इंग्रजी शिकले?"

"यार आई, तू सॉफ्टवेअरशी भांडतेयस." तिने नाव बदललं आणि फोल्डर लगेच सापडला. मला त्याचा आनंद झाला नाही, चीडच आली.

पुढचं दुखणं क्रमाचं. माझ्या फोटोंना मी एक, दोन, तीन असे सरळ आकडे दिले होते. सॉफ्टवेअरने एक नंतर दहा घेतला, मग शंभर, मग एकशे एक, आणि दोन नंबरचा काप कुठेतरी पार मागे गेला. पहिलीतलं पोर असा क्रम लावेल तर बाई उभं करतील. दोनशे दहा फोटोंची नावं बदलून पुढे शून्यं लावण्यात माझा आख्खा शनिवार गेला. मग कळलं की फोटोतल्या एका ठिपक्याची खरी लांबी किती ते सांगायचं राहिलंय. मी रकाना रिकामा सोडला होता, म्हणून त्याने स्वतःच एक मिलिमीटर धरली. त्या हिशेबाने माझ्या उंदराचा मेंदू दहा मीटर रुंद झाला होता. सॉफ्टवेअरला यात काहीही वावगं वाटलं नाही. मग मेमरी संपली, मग लॅपटॉप गरम होऊन बंद पडला, मग मी मोठे फोटो लहान करून घेतले, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात एक आठवडा सहज गेला. घरात मी कुणाशी धड बोलत नव्हते. नवऱ्याने एकदा विचारलं, "झालं का तुझं?" आणि मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो भाजी आणायला निघून गेला.

अखेर मुख्य काम सुरू झालं. त्याची रीत अशी. दोन फोटो घ्यायचे. एक स्थिर चित्र, जे जागचं हलणार नाही. दुसरं हलतं चित्र, ज्याला सरकवून, फिरवून, गरज पडल्यास जरा ताणून त्या स्थिर चित्रावर बसवायचं. सॉफ्टवेअरला मदत म्हणून दोन्ही चित्रांवर सारख्या जागी खुणा करून द्यायच्या: इथला हा कोपरा म्हणजे तिथला तो कोपरा. मी पाच खुणा ठरवल्या. चार कडांच्या, आणि पाचवी माझं भोक. त्या संगणकतज्ज्ञाने भरून टाकलेलं भोक. मी मूळ फोटो घेतले होते, त्यात ती भोकं शाबूत होती.

पहिल्या कापावर दुसरा बसला. तिसरा बसला. चौथा बसला. इतका नेमका बसला की मी एकटीच खुर्चीत "बघा!" म्हणाले.

पाचवा बसेना. खुणा दिल्या, बटण दाबलं, आणि तो काप मधून दुमडून पिळलेल्या फडक्यासारखा झाला. खुणा पुसल्या, पुन्हा दिल्या. पुन्हा फडकं. भोकाची खूण काढून नुसत्या कडांवर बसवला तर कसाबसा बसला, पण आतल्या रेषा जुळेनात. सहावाही तसाच. वैतागून मी ते दोन्ही सोडून पुढे गेले तर सातवा, आठवा, नववा आणि दहावा गुपचूप बसले. अकरावा आणि बारावा पुन्हा फडकं.

इंटरनेटवरच्या एका मंचावर मी माझ्या इंग्रजीत प्रश्न टाकला. कुणीतरी लिहिलं, खुणा वाढवा. मी पाचाच्या पंधरा केल्या. दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, खुणा कमी करा. तिसऱ्याने माहितीपुस्तिका वाचायला सांगितली. ती मी दोनदा वाचली होती आणि तिच्यात प्रत्येक उदाहरणातला काप पहिल्या फटक्यात बसत होता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. महिना संपायला पाच दिवस उरले होते आणि माझ्याकडे त्या माणसाच्या मेंदूपेक्षा फार वेगळा मेंदू नव्हता. त्या दिवसांत मला खरोखर वाटू लागलं की तो म्हणतोय तेच खरं. वय झालं, हात कापत असेल, मलाच कळत नसेल. ही भीती मी कुणालाही सांगितली नाही.

रविवारी सकाळी मी न बसलेल्या कापांची यादी कागदावर काढली. पाच, सहा. अकरा, बारा. सतरा, अठरा. तेवीस, चोवीस. यादी पुरी व्हायच्या आधीच मला त्यातला क्रम ओळखू आला.

आमच्याकडे काप एका डब्यात गोळा करत नाहीत. सहा वाट्यांचा एक ट्रे असतो. पत्ते वाटावेत तसे काप त्यात वाटत जायचं: पहिला काप पहिल्या वाटीत, दुसरा दुसऱ्या, सहावा सहाव्या, आणि सातवा पुन्हा पहिल्या. म्हणजे प्रत्येक वाटीत आख्ख्या मेंदूचा थोडाथोडा नमुना येतो. न बसणारे सगळे काप पाचव्या आणि सहाव्या वाटीतले होते.

आणि त्या दोन वाट्यांतले काप काचपट्टीवर मी घेतलेच नव्हते.

त्या मेंदूच्या चार वाट्या झाल्या तेव्हाच मी क्वार्टरच्या ओल्या जिन्यावर घसरले आणि उजवा हात मनगटात मोडला. दीड महिना प्लास्टर. काप वाट्यांत जास्त दिवस ठेवता येत नाहीत, म्हणून उरलेल्या दोन वाट्यांचं काम पानिपतवालीला दिलं. ती तेव्हा नुकतीच रुजू झाली होती. मी रोज टेबलापलीकडे तिच्या समोर प्लास्टर घेऊन बसायचे. भोक कुठल्या बाजूला यायला हवं ते पहिल्याच दिवशी हात करून दाखवलं होतं, "छेद इस तरफ." तिने घेतलेली प्रत्येक काचपट्टी मी समोरून बघायचे, भोक बरोबर बाजूला आहे याची खात्री करायचे आणि डाव्या हाताने रजिस्टरमध्ये "तपासलं" म्हणून सही ठोकायचे. ती सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

तर त्या रविवारी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. माझे एकशे चाळीस काप चोख होते. खराब सत्तर होते ते तिचे. तिने बहुतेक घेताना काप उलटे केले असणार, पुरी उलटावी तसे. भोक ठरल्या बाजूला ठेवायचं सोडून भलतीकडे ठेवलं असणार. सॉफ्टवेअर काप सरकवतं, फिरवतं, ताणतं, पण आपणहून पालथा घालत नाही. म्हणून ते बिचारं पिळून पिळून बसवायला बघत होतं. सोमवारी सरांना यादी दाखवायची, माझी खुर्ची वाचली. ती कंत्राटी आहे, तिचं कंत्राट पुढे वाढेल की नाही हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला. हेही लपवत नाही.

पण एक गोष्ट टोचत होती. मी प्रत्येक पट्टी तपासली होती. भोक बरोबर बाजूलाच होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आई, लॅपटॉप उचल, पान वाढलंय," मुलगी म्हणाली. तिने स्वयंपाक केला होता, कारण मी महिनाभर धड काही केलं नव्हतं. वरणभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, लसणाची चटणी. माझ्या समोर उभी राहून तिने ताट माझ्यापुढे ठेवलं. चटणी आणि कोशिंबीर उजव्या हाताला, भाजी डावीकडे.

मी थकले होते, चिडले होते, आणि चटणी उजवीकडे बघून उरलासुरला तोलही गेला. "किती वेळा सांगितलंय, चटणी-कोशिंबीर डावीकडे! वीस वर्षांची झालीस."

"डावीकडेच तर आहे, आई." तिने बोटाने दाखवलं. तिच्या डावीकडे होती.

"तुझ्या डावीकडे नाही. जेवायला बसलेल्याच्या डावीकडे. तू समोर उभी आहेस, म्हणजे तुला उलटं दिसणार. वाढणाऱ्या बाईने दर वेळी मनात फिरवून घ्यायचं असतं, एवढी साधी गोष्ट..."

एवढं बोलून मी थांबले. मी ताट बाजूला सारलं आणि एक कोरा कागद ओढला. त्यावर मेंदूच्या कापाचं चित्र काढलं, माथ्याची बाजू वर, आणि माझ्या सवयीप्रमाणे उजव्या अंगाला एक टिंब. माझे सगळे काप असे असतात. दुसरा कागद मुलीला दिला आणि तिला टेबलापलीकडे बसवलं.

"तूही काप काढ. माथा तुझ्याकडून वर. आणि टिंब या बाजूला दे." मी हात करून माझी उजवी बाजू दाखवली, तेव्हा दाखवली होती तशीच.

तिने मी दाखवलेल्या बाजूला टिंब दिलं. माझ्या जागेवरून ते माझ्या उजवीकडे होतं. अगदी बरोबर दिसत होतं. मी उठून तिच्या बाजूला गेले. तिथून ते डावीकडे होतं. दोन्ही कागद शेजारी ठेवले. एक दुसऱ्याचा पालथा.

तिने काप चुकून उलटे केले नव्हते. मी दाखवलेल्या बाजूला भोक यावं म्हणून तिने सत्तरच्या सत्तर काप ब्रशने काळजीपूर्वक उलटून घेतले होते. मी सांगितलं होतं तसंच. आणि मी, जिने माहेरी आणि सासरी मिळून हजारो पानं वाढली आणि चटणीची जागा कधी चुकवली नाही, त्या मी समोर बसून सत्तर वेळा "ठीक है" म्हटलं होतं.

आणखी एक आठवलं, आणि ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं. पहिल्या दिवशी, पहिल्याच पट्टीला, तिने मला विचारलं होतं. "मॅडम, एक बार इधर आके देख लोगे?" मी म्हटलं होतं, "यहाँ से दिख रहा है मुझे."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत मी महिनाभर लॅपटॉपवर डोळे फोडले होते. मला माझीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. मुलगी दोनदा म्हणाली, "चटणी फिरवून देऊ का?" मी नको म्हटलं.

त्या दुपारी मी सत्तर फोटो आडवे उलटवले. मेन्यूत त्यासाठी एक साधी ओळ होती. महिनाभर ती माझ्या नजरेसमोर होती. पाचवा काप घेतला, पाच खुणा दिल्या, भोकावर भोक. बसला. सहावा बसला. संध्याकाळपर्यंत बारा बसले, उरलेले सोमवार-मंगळवारी लॅबमधल्या मोठ्या संगणकावर बसवले. मग आख्खा मेंदू उभा केला आणि बाजूने बघितला. सरळ, गुळगुळीत, कुठे लाट नाही. आणि त्याच्या आत पहिल्या कापापासून दोनशे दहाव्यापर्यंत एक सरळ बोगदा गेला होता, कुठेही न तुटता. ती माझी सुई होती. ज्या दिवशी ती घातली त्या सकाळी माझा हात स्थिर होता, याचा तेवढा एक पुरावा मला मिळाला.

महिनाअखेरच्या मीटिंगला मी तो मेंदू दाखवला. संगणकतज्ज्ञ खुर्चीतून पुढे झुकला आणि म्हणाला, "वाह, मॅम! छेद मुझे नहीं भरने चाहिए थे." हसला. या वेळी मला त्याचं हसणं चाललं. सरांनी विचारलं, अडचण कुठे होती? मी सांगितलं, पाचव्या आणि सहाव्या वाटीतले काप पालथे होते. सरांनी समोरचं रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं. काचपट्टीवर कुणी घेतले त्या रकान्यात तिचं नाव होतं. ते तिच्याकडे वळले. "तो ये आपके हाथ से हुआ."

तिने मान खाली घातली आणि दुखरा गुडघा हाताने दाबून धरला. तिलाही ती आपलीच चूक वाटली. मी आधी तिला एकटीला गाठून सांगायला हवं होतं. दोन दिवस मी तिच्याच टेबलावर बसत होते आणि माझ्याने बोलवलं नव्हतं.

चोर सोडून संन्याशाला फाशी होऊ द्यायची की नाही, यावर माझा जीव क्षणभर अडकला. किती क्षण ते माहीत नाही, पण अडकला. मग मी सांगितलं. "सर, त्या रकान्याच्या पुढचा रकाना वाचा. तपासलं, आणि माझी सही. बाजू मी दाखवली. समोर बसून दाखवली. तिने मला इकडून येऊन बघा म्हणून सांगितलं होतं. मी उठले नाही." हे मी हिंदीत बोलले, पण माझ्या कानांना आजही मराठीतच ऐकू येतं.

सरांनी बोट ठेवून तो पुढचा रकाना वाचला. मग म्हणाले की कापायचं काम बाहेर जाणार नाही, माझी खुर्ची माझीच राहील. आणि तपासणीची सही यापुढे मी करणार नाही. ती करेल. माझ्या पट्ट्यासुद्धा तीच तपासेल.

न्याय बरोबर होता. तरीही चोवीस वर्षांची सही गेली याचं दुःख मला झालं, आणि ते अजून गेलेलं नाही.

पुढच्या सोमवारी नवा मेंदू, नवा ट्रे. मी पहिली पट्टी घेतली, पाणी निथळू दिलं आणि टेबलावर ठेवली. ती समोर बसली होती, रजिस्टर उघडं. तिने पेन खाली ठेवलं, टेबलाला हात टेकून उठली आणि डुलत डुलत वळसा घालून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. खाली वाकून नीट बघितलं. परत गेली, बसली, सही केली. दुसऱ्या पट्टीला पुन्हा उठली. तिसऱ्या पट्टीला मला राहवेना.

"बैठे बैठे देख लो," मी म्हटलं. "गुडघा दुखेल तुझा, घुटना."

"नहीं मॅडम," ती माझ्या खांद्यावरून वाकत म्हणाली, "वहाँ से नहीं दिखता."